कानस आणि ब्रेडबोर्ड

मेकॅनिकलच्या कुठल्याही जुन्या कॉलेजात ‘थिअरी ऑफ मशीन्स’च्या प्रयोगशाळेत शिरलं की एका कोपऱ्यात गव्हर्नरचा सांगाडा उभा दिसतो. मधोमध उभा दांडा, दोन बाजूंना दोन लोखंडी गोळे. दांडा जोरात फिरला की गोळे बाहेर फेकले जातात, वर चढतात आणि जाताना एका स्लीव्हला वर ओढून नेतात. खऱ्या इंजिनात हीच स्लीव्ह वाफेची झडप थोडी मिटवते. वेग उतरला की गोळे खाली, झडप पुन्हा उघडी. जेम्स वॉटने १७८८ मध्ये ही युक्ती वाफेच्या इंजिनाला जोडली. तिच्यात ना तार, ना बॅटरी. वेग मोजणारा, तो जास्त की कमी हे ठरवणारा आणि त्यावर इलाज करणारा, असे तिघंही त्या दोन गोळ्यांत बसलेले. पुढच्या पिढ्यांनी पोर्टर, प्रोएल, हार्टनेल ही नावं पाठ केली, स्लीव्हच्या उंचीचे आलेख काढले आणि जर्नलवर सही घेतली.

मुंबईच्या गिरण्यांत याच घराण्यातली आणखी एक करामत रोज चालत असे. मागावर कुठला धागा कधी उचलायचा हे डॉबीच्या खुंट्या सांगत. नक्षी मोठी असली तर जकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे सांगत. लेथवरचा कॅम तर लोखंडात कोरलेला हुकूमनामाच. म्हणजे ‘प्रोग्रॅम’ नावाची वस्तू मेकॅनिकलवाल्यांना परकी नव्हती. ती लोखंडात, लाकडात, पुठ्ठ्यात लिहिलेली असे, एवढंच. बदलायची झाली तर कानस घेऊन बसावं लागे.

शिक्षणही कानशीपासूनच सुरू होई. पुण्यात १८५४ मध्ये ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झालं. आजच्या सीओईपीचं ते मूळ. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली, ती गिरण्यांना जाणकार माणसं हवी होती म्हणून. तीच पुढे वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि आद्याक्षरं तशीच राहिली, त्यामुळे व्हीजेटीआय म्हणणाऱ्यांची जीभ वळवावी लागली नाही. अशा संस्थांच्या वर्कशॉपमध्ये भाता, ऐरण, सुतारकामाचं बाक आणि व्हाइसची रांग असे. पोलादाची पट्टी घासायची, गुण्या लावायचा, उजेडाकडे धरून फट दिसते का पाहायचं, दिसली की पुन्हा घासायचं. शेवटी नर-मादी जोड एकमेकांत बसला की गुण मिळत. तळव्याला घट्टे पडत ते वेगळंच. चूक झाली तर पट्टी वाया जाई, पण कुणी विद्यार्थ्याच्या हातातून कानस काढून घेत नसे. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे वीज आली तेव्हा नेमकी हीच सवलत हरवली.

वीज आली ती भिंतीपलीकडे. इलेक्ट्रिकलचा विभाग निराळा, पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा त्याहून निराळा, इमारतीही बहुधा वेगळ्या. मेकॅनिकलच्या मुलाला वीज भेटे ती भिंतीवरच्या स्टार्टरच्या रूपात: हिरवं बटण दाबलं की लेथ चालू, लाल दाबलं की बंद. कारखान्यातही हीच वाटणी होती. मोटरच्या शाफ्टपर्यंत इलेक्ट्रिशियनचं राज्य, कपलिंगपासून पुढे फिटरचं. मशीन बंद पडलं की आधी वाद व्हायचा तो बिघाड कपलिंगच्या कुठल्या बाजूला आहे यावर. पहिल्या वर्षी ‘बेसिक इलेक्ट्रिकल’चा एक पेपर असे, तो सुटला की बहुतेकांचा विजेशी संबंध घरचा फ्यूज घालण्यापुरता उरे.

यंत्रांनी मात्र ही वाटणी आधीच मोडायला घेतली होती. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९५२ साली एक मिलिंग मशीन लोकांना दाखवण्यात आलं. (इथे एमआयटी म्हणजे कोथरूडची नव्हे, बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमधली, कोथरूडची पुढे येणारच आहे.) भोकं पाडलेली कागदी पट्टी वाचून ते मशीन आपला टेबल आपणच सरकवत होतं. त्याचं कंट्रोल कपाट शेकडो व्हॅक्यूम ट्यूबनी भरलेलं आणि मशीनपेक्षाही अवाढव्य होतं. जकार्डचे पुठ्ठे परत आले होते, पण आता भोकांतून सुई जात नव्हती, विजेचा इशारा जात होता. आजच्या सीएनसीचा हा पणजोबा. त्याच्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला कपलिंग नेमकं कुठे आहे हे सांगता आलं नसतं.

या नव्या जातीला नाव मिळालं जपानात, आणि तेही अगदी योग्य जागी. यास्कावा ही १९१५ पासून विजेच्या मोटरी करणारी कंपनी. तिचा धंदाच कपलिंगवर उभा. तिथले इंजिनिअर तेत्सुरो मोरी यांनी १९६९ मध्ये ‘मेकॅनिझम’मधला पुढचा आणि ‘इलेक्ट्रॉनिक्स’मधला मागचा तुकडा जोडून ‘मेकॅट्रॉनिक्स’ हा शब्द घडवला. नुसती फिरणारी मोटर नको, सांगाल तिथे आणि सांगाल तेव्हा थांबणारी मोटर हवी, हा त्यामागचा धंद्याचा हिशेब. कंपनीने शब्दाचा ट्रेडमार्क घेतला. तो १९७२ मध्ये पदरात पडला. पण शब्द कंपनीपेक्षा वेगाने पळाला. शेवटी ऐंशीच्या दशकात यास्कावाने त्यावरचा हक्क सोडून दिला. हक्क राखला असता तर जगभरच्या अभ्यासक्रम समित्यांना दुसरा शब्द शोधावा लागला असता, आणि समित्यांनी शोधलेल्या शब्दांचा अनुभव मराठी वाचकाला आहेच.

शब्द मिळाला तरी तो हातात धरता येत नव्हता. त्यासाठी दोन वस्तू लागणार होत्या, आणि दोन्ही १९७१ च्या आसपासच्या. पहिली, इंटेलची ४००४ ही चिप. बिझिकॉम या जपानी कॅल्क्युलेटर कंपनीसाठी केलेल्या कामातून ती निघाली, सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर पोटात घेऊन. दुसरी वस्तू हिच्यापुढे अगदी गरीब: बिनसोल्डरचा ब्रेडबोर्ड. पूर्वी रेडिओचे शौकीन खरोखरच पाव कापायच्या फळीवर खिळे ठोकून सर्किट जोडत. नाव तिथून आलं. आता त्या फळीच्या जागी प्लॅस्टिकचा ठोकळा आला, एक दशांश इंचावर एक भोक, आत स्प्रिंगसारख्या पट्ट्या. तार खुपसा, चुकली तर उपटा, दुसरीकडे खुपसा. चिपचं कौतुक सगळे करतात. शिकवणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर ब्रेडबोर्डचा उपकार मोठा, कारण त्याने चूक पुसता येण्याची सोय केली. पट्टी जास्त घासली गेली तर ती परत वाढत नाही. ब्रेडबोर्डवरची तार परत लागते.

भारतातल्या कॉलेजांत मायक्रोप्रोसेसर आला तो बहुतांशी ८०८५ च्या रूपाने. इंटेलने ही चिप १९७६ मध्ये काढली. चाळीस पायांची, एका पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणारी. तिच्याभोवती ‘ट्रेनर किट’ तयार झालं: सोळा आकड्यांचा कीपॅड, वर सहा लाल अंकांची पट्टी, चार पत्त्यासाठी आणि दोन मजकुरासाठी. इंग्रजी आज्ञा कोष्टकात शोधायची, तिचा आकडी अवतार काढायचा आणि तो एकेक करून दाबायचा. ३ई म्हणजे ‘ए’मध्ये संख्या भर, ७६ म्हणजे थांब. सोबतीला रमेश गावकरांचं ८०८५ वरचं जाडजूड पुस्तक. गावकर शिकवत अमेरिकेत सिरॅक्यूजजवळच्या ऑनोंडागा कम्युनिटी कॉलेजात. पुस्तकाची पारायणं मात्र इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत होत. एका आवृत्तीमागे किती रात्रींचं जागरण झालं असेल, याचा हिशेब प्रकाशकाकडेही नसावा.

मेकॅनिकलच्या मुलांच्या वाट्याला हे किट आलं ते पाहुण्यासारखं. एका किटभोवती पाच-सहा जण. एक दाबणार, एक आकडे वाचून दाखवणार, बाकीचे वहीत उतरवणार. बाजूला स्टेपर मोटरचं कार्ड जोडलेलं असे. प्रोग्रॅम बरोबर असला की मोटर टकटक करत १.८ अंशांची पावलं टाकी, दोनशे पावलांत एक फेरा. पाहायला छान वाटे. पण मोटर आधीपासून जोडलेली, ड्रायव्हरचे ट्रान्झिस्टर आधीपासून बसवलेले, पुरवठा डब्यात बंद. विद्यार्थ्याने चुकवावं असं आकड्यांखेरीज काही शिल्लकच नव्हतं. कानशीच्या तासाला हात काळे होत. इथे हात स्वच्छ राहत, आणि खरी खोट तीच होती. किट महाग म्हणून ते जळू नये, जळू नये म्हणून ते बंद, आणि बंद म्हणून त्यातून विजेची भीती जाण्याऐवजी पक्की होई.

१९८३ हे वर्ष महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंगच्या इतिहासात विनाअनुदानित कॉलेजांचं म्हणून ओळखलं जातं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना खासगी कॉलेजांना दारं उघडली, आणि बघता बघता जिल्ह्याजिल्ह्यांत मेकॅनिकलच्या शाखा निघाल्या. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळला, अगदी उलट्या टोकाची एक शाळा सुरू झाली. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून आलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे विज्ञान आश्रम उभा केला. शाळा सुटलेल्या, नापास झालेल्या मुलांना वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती हे सगळं एकत्र शिकवायचं, आणि शिकतानाच गावातली खरी कामं घ्यायची, ही तिथली रीत. पाबळच्या मुलाला मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल यांतली भिंत कुणी दाखवलीच नाही, त्यामुळे ती ओलांडायचा प्रश्नही आला नाही. २००२ मध्ये केंब्रिजच्या एमआयटीतले नील गर्शनफेल्ड यांनी आपल्या ‘फॅब लॅब’ची कल्पना विद्यापीठाबाहेर नेली, तेव्हा तशा पहिल्यावहिल्या प्रयोगशाळांपैकी एक पाबळला निघाली. इतकी कॉलेजं असताना मान मिळाला तो नापास मुलांच्या शाळेला, ही बाब कुणी फारशी बोलून दाखवत नाही.

दरम्यान याच केंब्रिजच्या एमआयटीत, मेकॅनिकलच्याच विभागात, एक वेगळा खेळ रंगला होता. ‘२.७०’ हा डिझाइनचा प्राथमिक कोर्स वुडी फ्लॉवर्स यांच्याकडे सत्तरच्या दशकात आला. त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात किरकोळ सामानाची पिशवी ठेवली: काड्या, रबरबँड, पट्ट्या, तारा असली भंगाराला शोभणारी जिन्नस. तेवढ्यातून यंत्र करायचं आणि सत्राच्या शेवटी भरल्या सभागृहात दुसऱ्याच्या यंत्राशी झुंजवायचं. परीक्षेला पालक येत नाहीत. या झुंजीला अख्खं कॉलेज लोटायचं. सगळ्यांना पिशवी सारखीच, त्यामुळे पैशाचा जोर चालत नसे. हाच धागा धरून डीन केमन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली, आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ संघांची पहिली रोबो-स्पर्धा झाली. फ्लॉवर्स तिथेही होतेच.

जपानात याच सुमारास दुसरे मोरी कामाला लागले होते. मराठी कानाला हे आडनाव जरा ओलसर वाटतं, पण या विषयात ते टाळता येत नाही. मासाहिरो मोरी तोक्योच्या तंत्रविद्यापीठात शिकवत. हुबेहूब माणसासारखा रोबो पाहून माणसाला शिसारी का येते, यावर १९७० मध्ये लिहिलेल्या लेखाने ते जगाला माहीत झाले. वर्गात मात्र त्यांची ओळख वेगळी: टॉर्चच्या सेलवर माणूस वाहून नेणारी गाडी बनवा, असले पेच ते विद्यार्थ्यांना घालत. या स्पर्धांतूनच एनएचके या जपानी प्रसारण संस्थेने १९८८ मध्ये तंत्रनिकेतनांसाठी ‘रोबोकॉन’ सुरू केलं. २००२ मध्ये त्याचं आशिया-पॅसिफिक रूप तोक्योत झालं. प्रसारण संस्थांचा संघ आयोजक, म्हणून भारताकडून त्यात दूरदर्शन आलं, आणि दूरदर्शनच्या मागोमाग कोथरूडची एमआयटी. भारतातली निवड फेरी वर्षानुवर्षं पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडा संकुलात भरत राहिली.

यजमान देशाने खेळ ठरवायचा, ही रोबोकॉनची रीत. जपानने फुजी पर्वत दिला, चीनने भिंत, मलेशियाने जुळे मनोरे. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात आली तेव्हा भारताने दिली दहीहंडी. उंचावर मडकी, त्यात लोण्याचे ठोकळे, ते काढायला एकमेकांना उचलणारी यंत्रं, आणि ते साधणं म्हणजे ‘गोविंदा’. गिरगाव-दादरच्या गल्लीतला प्रश्न जसाच्या तसा इंजिनिअरिंगचा प्रश्न होऊन समोर आला: खालचा थर किती रुंद हवा, वरचा किती हलका, हात लांबवला की सगळं वजन कुठे सरकतं, आणि पाठीवर उभ्या असलेल्याने आपण पोचलो हे खालच्याला कसं कळवायचं. विजेतेपद चीनच्या शिआन जिआओतोंग विद्यापीठाने नेलं. हंडी आपली, लोणी त्यांचं. सहा वर्षांनी, २०१४ मध्ये, फेरी पुन्हा पुण्यात भरली. या वेळी विषय बालोद्यानाचा होता: आई-बापाच्या जागी असलेला रोबो लहान रोबोला सीसॉवर, झोक्यावर, जंगल जिमवर घेऊन जाणार.

मेकॅनिकलच्या मुलांना विजेची खरी दीक्षा मिळाली ती या स्पर्धांच्या तयारीत. संघात सगळ्या शाखा असत, पण रात्री दोन वाजता इलेक्ट्रॉनिक्सवाला झोपलेला असतो आणि रोबो हलत नसतो. मग मेकॅनिकलचाच कुणी सोल्डरिंगची लेखणी उचलतो. सामान आणायला मुंबईकर लॅमिंग्टन रोड गाठतात, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी टॅक्सीवाल्याला आणि रेझिस्टर मागणाऱ्याला जुनंच नाव लागतं. पुणेकर बुधवार पेठेत पसोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत फिरतात, मोटर स्वस्तात हवी असेल तर गाडीच्या वायपरची जुनी मोटर शोधतात. बारा व्होल्टची ती मोटर दणकट असते, वर्म गिअर आतच असतो आणि भंगारवाल्याकडे मिळते.

इथे पहिला धडा असतो धुराचा. चिपच्या एका पायातून मिळतात जेमतेम वीस-चाळीस मिलिअँपिअर. वायपरची मोटर मागते कित्येक अँपिअर. मध्ये ड्रायव्हर लागतो. दुकानदार एल२९३डी देतो, जो सहाशे मिलिअँपिअरपर्यंतच तग धरतो. मोटर अडली की तो तापतो, वास येतो आणि तीस-चाळीस रुपयांचं ज्ञान पदरात पडतं. दुसरा धडा: मोटरची बॅटरी आणि चिपची बॅटरी वेगळी असली तरी दोघांची ग्राउंड एक हवी, नाहीतर इशारा पोचतच नाही. पंपाला परतीची नळी लागते हे ज्याला कळतं, त्याला हेही कळायला हरकत नाही. पण ते कळतं रात्रभर तारा तपासल्यावर.

पण काही गोष्टींत मेकॅनिकलची मुलं पुढेच असतात, आणि हे त्यांना कुणी सांगत नाही. साधा लिमिट स्विच एकदा दाबला तरी चिप पाच-सात वेळा दाबला असं मोजते. इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकात याला ‘बाउन्स’ म्हणतात आणि काही मिलिसेकंद थांबायचा उपाय सांगतात. मेकॅनिकलच्या मुलाला मात्र आत काय चाललंय ते दिसतं: धातूची पातळ पट्टी दुसरीवर आपटून स्प्रिंगसारखी थरथरते आहे. व्हायब्रेशनच्या पेपरात त्याने हेच गणित सोडवलेलं असतं. इंडक्टर म्हणजे फ्लायव्हील, रेझिस्टर म्हणजे डॅम्पर, कपॅसिटर म्हणजे स्प्रिंग. समीकरणं तीच, फक्त अक्षरं बदलतात. हाताने काम शिकवणारे चांगले मास्तर सुरुवात इथून करतात.

तीस-चाळीस रुपयांची चिप जळू देणं परवडतं, पण रोबोच्या मेंदूचं काय, हा प्रश्न बराच काळ होता. त्याचं उत्तर इटलीतल्या इव्रेया गावात निघालं. हे गाव ऑलिवेत्तीचं: टाइपरायटर करणारी, १९६५ मध्ये ‘प्रोग्रामा १०१’ हे टेबलावरचं प्रोग्रॅम करता येणारं यंत्र काढणारी कंपनी. गावातल्या इंटरॅक्शन डिझाइनच्या संस्थेत शिकणारे ना मेकॅनिकलचे होते ना इलेक्ट्रॉनिक्सचे. त्यांना आपल्या वस्तू जिवंत करायच्या होत्या. एर्नान्दो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याने २००३ मध्ये त्यांच्यासाठी ‘वायरिंग’ नावाचा बोर्ड आणि सोपी भाषा केली. त्यावर मास्सिमो बान्झी आणि त्यांच्या सोबत्यांनी २००५ मध्ये आणखी स्वस्त बोर्ड काढला, आणि त्याचा नकाशा सगळ्यांसाठी खुला ठेवला. नाव दिलं आर्डुइनो, गावातल्या एका बारवरून. बारचं नाव होतं हजार वर्षांपूर्वीच्या आर्डुइन राजावरून. बारागानच्या वाट्याला श्रेय उशिरा आणि कमी आलं, हेही लिहून ठेवायला हवं. नकाशा खुला असल्याने नकला निघाल्या, नकलांमुळे भाव पडला, आणि लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर बोर्ड ढिगाने दिसू लागले. जळला तर दुसरा. विद्यार्थ्याच्या हातात चूक करायची सवलत परत आली.

कागदोपत्री बदल आधी किंवा नंतर होतच राहिले. जर्मनीने १९९८ मध्ये ‘मेकॅट्रॉनिकर’ हा उमेदवारीचा रीतसर धंदा मानला. डब्ल्यू. बोल्टन यांचं ‘मेकॅट्रॉनिक्स’ १९९५ मध्ये आलं आणि इथल्या मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमांतलं नेमलेलं पुस्तक बनलं. आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पाने ‘फायरबर्ड ५’ हा छोटा रोबो कॉलेजांत पोचवला आणि स्पर्धा घेतल्या. पेपरात मात्र पीएलसीचा, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कारखानी संगणकाचा, लॅडर डायग्राम अजून पेनानेच काढायचा असतो, आणि कागदावरचा रिले कधी चिकटत नाही.

‘थिअरी ऑफ मशीन्स’च्या प्रयोगशाळेतला गव्हर्नर अजून तिथेच आहे. नव्या सांगाड्यांत दांड्यालगत एक सेन्सर बसवलेला असतो आणि खालच्या डब्यावर लाल आकड्यांत फेरे दिसतात. मुलं वेग त्या आकड्यांवरून वहीत उतरवतात, आणि स्लीव्ह किती चढली हे वाकून, बाजूच्या पट्टीवर एक डोळा मिटून पाहतात.